रिक्रूटरला उत्तर द्या, पण एकदाच

नमस्कार श्रोतेहो,

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या कुणालाही विचारा, भर मीटिंगमध्ये अनोळखी नंबरवरून फोन येतो आणि पलीकडून प्रश्न येतो, "नोकरी बदलायचा विचार आहे का?" नाही म्हणावं, तर आठवड्याभरात त्याच भरती एजन्सीतून दुसऱ्या कुणाचा तरी फोन. माणूस वैतागतो, हे अगदी खरं आहे. तरीही या रिक्रूटरला, म्हणजे कंपन्यांसाठी माणसं शोधणाऱ्याला, पैसे कशाचे मिळतात, ते आधी समजून घेऊ या.

एजन्सीला बहुतेक वेळा उमेदवार रुजू झाला तरच पैसे मिळतात. बऱ्याच देशांत ही फी पहिल्या वर्षाच्या पगाराच्या साधारण १५ ते २५ टक्के असते. उमेदवार आला नाही, तर महिनाभराची धावपळ फुकट. त्यात एकाच जागेसाठी कंपनी चार एजन्सींना कामाला लावते आणि ज्या एजन्सीचा रेझ्युमे आधी पोचेल, तिचा त्या उमेदवाराच्या फीवर हक्क. सगळी घाई इथून येते. शोधही कीवर्ड टाकून होतो, म्हणून तुम्ही केव्हाच सोडून दिलेल्या तंत्रज्ञानासाठी विचारणा येत राहते. जुनी कौशल्यं प्रोफाइलमधून काढून टाकलीत, तर यातले पुष्कळ संदेश आपोआप थांबतील.

गप्प बसण्याचा मात्र उपयोग होत नाही. उत्तर नाही म्हणजे संदेश पाहिलाच नसेल, असं धरून पुन्हा पाठवला जातो. लिंक्डइन या नोकरी-व्यवसायाच्या साइटवर रिक्रूटर इनमेल, म्हणजे ओळख नसलेल्यालाही थेट जाणारा संदेश, पाठवतो. त्यासाठी त्याला ठरावीक क्रेडिट, म्हणजे संदेशांचा कोटा, मिळतात. तुम्ही ९० दिवसांत उत्तर दिलंत, अगदी नकार कळवलात, तरी त्याचं क्रेडिट परत मिळतं. तेव्हा दोन ओळी लिहा: सध्या बदलायचं नाही, फोन करू नका, गरज पडली तर मीच कळवेन. त्यानंतरही फोन आले, तर नंबर खुशाल ब्लॉक करा. युरोपात २०१८ पासून जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे. तिथे आपली माहिती एजन्सीच्या डेटाबेसमधून काढून टाकायला सांगता येतं.

आणि खरोखरच नोकरी शोधत असाल, तर एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगेन. कंपनीचं नाव, काम आणि पगाराची मर्यादा लेखी आल्याशिवाय रेझ्युमे पुढे पाठवायला होकार देऊ नका. दोन एजन्सींनी एकाच जागेसाठी तुमचं नाव दिलं, तर फीचा वाद नको म्हणून काही कंपन्या तो उमेदवारच बाद करतात. चूक एजन्सीची, संधी तुमची जाते. म्हणून कोणी कुठे नाव पाठवलं, याची वही ठेवा.

सध्याचा पगार पहिल्याच फोनवर सांगायचं बंधन नाही. कॅलिफोर्नियात तर २०१८ पासून मालकाने जुना पगार विचारायलाच मनाई आहे. "या जागेसाठी किती ठरवलंय?" असं तुम्हीच विचारा. नोकरी देण्यासाठी पैसे मागणारा, किंवा ओळख पटायच्या आत एखादी फाइल उघडायला लावणारा, रिक्रूटर नव्हेच. तिथे फोन ठेवून द्या.

चांगले रिक्रूटरही असतात. ते तुमचं काम वाचून फोन करतात आणि निवड झाली नाही, तर तेही कारणासह कळवतात. अशांशी संबंध जपा. त्यांनी आणखी कुणी आहे का विचारलं, तर मित्राचा नंबर परस्पर देऊ नका. रिक्रूटरचा नंबर मित्राला द्या. बोलायचं की नाही, ते त्याला ठरवू द्या.