नाकाने हरलेला घोडा

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर आजचा विषय ‘सीबिस्किट : एका जिद्दीची गाथा’ असा छापला आहे. हे नाव मी दिलेले नाही. मी दिलेले नाव ‘नाकाने हरलेला घोडा’ असे होते. परंतु संयोजकांपैकी एका सज्जनांनी फोन करून मला अत्यंत अदबीने सांगितले की, हरलेल्या घोड्यासाठी रविवारची झोप कोणी मोडत नाही. त्यांचे म्हणणे व्यवहाराला धरून आहे, आणि तरीही आपण इतके जण आलात, त्याअर्थी पत्रिका कोणीच नीट वाचत नसावे.

‘जिद्द’ या शब्दाला माझी हरकत आहे, कारण सीबिस्किट हा अत्यंत झोपाळू घोडा होता. घोडे बहुधा उभ्याउभ्याच डुलकी काढतात; हे महाशय तबेल्यात तासन् तास आडवे पडून राहत. त्यांचा जन्म १९३३ सालचा, अमेरिकेतल्या केंटकी प्रांतातला. बापाचे नाव हार्ड टॅक, म्हणजे पूर्वीचे खलाशी जहाजावर खात ते दगडासारखे कडक बिस्किट, आणि त्याच बिस्किटाचे दुसरे नाव मुलाला दिले गेले. आजोबा मात्र साक्षात मॅन ओ’ वॉर, ज्याने २१ शर्यतींपैकी २० जिंकल्या. अशा घराण्यात हा ठेंगणा, पुढच्या पायांच्या गुडघ्यांत बाक असलेला नातू निपजला. त्याच्या पहिल्या ट्रेनरच्या हाती तेव्हा ओमाहा नावाचा घोडा होता, ज्याने १९३५ साली ट्रिपल क्राउन, म्हणजे अमेरिकेतल्या तीन मानाच्या शर्यती एकाच वर्षी जिंकण्याचा बहुमान, मिळवला. त्यामुळे या बिस्किटाकडे लक्ष द्यायला सवड कोणाला? दोन वर्षांच्या कोवळ्या वयात त्याला तब्बल ३५ शर्यतींत पळवले आणि त्यांतल्या पहिल्या सतराही शर्यती तो हरला. महालक्ष्मीला आपण जे दोन वर्षांचे घोडे पाहतो, ते त्या हंगामात दोनचार वेळा पळाले तरी पुष्कळ झाले.

१९३६ च्या ऑगस्टमध्ये साराटोगाच्या रेसकोर्सवर चार्ल्स हॉवर्ड या गृहस्थांनी त्याला ८,००० डॉलरना विकत घेतले. हॉवर्ड मूळचे सायकली दुरुस्त करणारे, पुढे ब्युइक मोटारी विकून श्रीमंत झालेले. त्यांचे ट्रेनर टॉम स्मिथ हे इतके अबोल की, वार्ताहर त्यांच्यापुढे टेकीला येत. जॉकी रेड पोलार्ड याचा उजवा डोळा निकामी होता आणि ही गोष्ट त्याने लपवून ठेवली होती, कारण ती फुटली असती तर त्याला घोड्यावर बसू दिले नसते. घोडा त्या वेळी चिडका झाला होता, खाणे टाकत होता, तबेल्यात येरझारा घालत होता. स्मिथ यांनी सोबतीसाठी त्याच्या ठाणावर एक शेळी आणून बांधली. सीबिस्किटने तिला दातांत धरून गदागदा हलवले आणि अर्ध्या दारावरून बाहेर टाकले. मग पम्पकिन नावाचा एक शांत घोडा आणला, पाठोपाठ एक भटका कुत्रा आणि एक माकडही आले, आणि या बिऱ्हाडात हा घोडा निवांत झोपू लागला. ज्याला जिद्द म्हणतात ती मला यात कोठे दिसत नाही. मला दिसतो तो घोड्याला नेमके काय हवे आहे हे पाहत बसलेला एक म्हातारा.

आता थोडे विषयांतर वाटेल, पण ते विषयांतर नाही. माझे मामा लोअर परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. नोव्हेंबर ते एप्रिल या मुंबईच्या हंगामात महिन्यातल्या एखाद्या रविवारी ते मामीला सांगत, ‘पोराला घेऊन महालक्ष्मीला जाऊन येतो.’ या वाक्यात खोटे काहीच नव्हते. महालक्ष्मीचे रेसकोर्स १८८३ पासून तेथे आहे, देवळाइतकेच ते महालक्ष्मीला आहे. मामी भाविक, ती मोठ्या श्रद्धेने एक नारळ, हळदकुंकू आणि सुटे पैसे पिशवीत घालून देई. परिणामी आम्ही दोघे हा नारळ घेऊन रेस पाहत असू, आणि शेवटच्या रेसनंतर हाजीअलीवरून धावतपळत देवळाकडे जात असू.

मामा एका दिवसात एकच तिकीट काढत, पाच रुपयांचे. बाकीचा सारा वेळ ते मला पॅडॉकच्या, म्हणजे रेसआधी घोडे फिरवून दाखवतात त्या आवाराच्या, कठड्याशी उभे करून घोड्यांचे पाय दाखवत आणि जॉकी खोगीर हातात घेऊन काट्यावर उभे राहतात तिकडे बोट करत. नेमून दिलेल्या वजनाला जॉकी कमी भरला, तर खोगिराखालच्या कापडी खणांत शिशाच्या पट्ट्या सरकवतात. मला ते पाहून मोठी गंमत वाटे, कारण आमच्या वाण्याकडे हाच प्रकार उलट्या दिशेने चाले. मामांनी समजावले ते असे: हँडिकॅप रेसमध्ये घोडा जितका चांगला, तितके त्याच्या पाठीवर वजन जास्त, म्हणजे सगळ्यांना जिंकायची संधी सारखी. मी विचारले, ‘मग चांगलं पळून फायदा काय?’ त्यावर मामा बराच वेळ काही बोलले नाहीत.

त्या रविवारी मामांचा घोडा सर्वांत जास्त वजन घेऊन पळाला आणि नाकाच्या अंतराने हरला. माणसे विजेत्याकडे धावली. मामा मात्र हरलेल्या घोड्याचे खोगीर उतरवताना पाहत राहिले. पाठीवर खोगिराच्या आकाराचा घामाचा डाग होता आणि सईस ओल्या फडक्याने तो पुसत होता. ‘वर आलेल्याकडं सगळेच बघतात रे,’ ते म्हणाले, ‘हरलेल्याच्या पाठीवर काय होतं ते बघ.’ या एका वाक्यावर मी आजवर चार व्याख्याने दिली आहेत. या नादात देऊळ राहूनच गेले. घरी मामीने विचारले, ‘दर्शन नीट झालं ना?’ मामा म्हणाले, ‘अगदी थोडक्यात हुकलं.’ मामीने पिशवी उघडली, अखंड नारळ बाहेर काढला, त्याच्याकडे पाहिले आणि एवढेच विचारले, ‘किती गेले?’

घोड्यांच्या शर्यतीत कौशल्याचा भाग प्रमुख आहे, तो निव्वळ नशिबाचा खेळ नव्हे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दिला. मामा तेव्हा हयात असते, तर त्यांनी निकालाची प्रत मामीपुढे ठेवली असती. मामीवर तिचा काही परिणाम झाला असता असे मला वाटत नाही.

असो. सीबिस्किटचे नाव निघाले की लोकांना आठवते ती १ नोव्हेंबर १९३८ ची, पिम्लिको रेसकोर्सवरची, वॉर अ‍ॅडमिरलबरोबरची शर्यत. वॉर अ‍ॅडमिरल हा १९३७ चा ट्रिपल क्राउन विजेता आणि मॅन ओ’ वॉरचा खुद्द मुलगा. म्हणजे नात्याने तो सीबिस्किटचा चुलता, वयाने पुतण्यापेक्षा एक वर्षाने लहान. काका-पुतण्याच्या सामन्याचे महत्त्व महाराष्ट्रात मी समजावून सांगण्याची गरज नाही. वॉर अ‍ॅडमिरलला स्टार्टिंग गेटचे वावडे होते, म्हणून ही शर्यत गेटशिवाय, घंटेच्या इशाऱ्यावर सुरू करायची ठरली. सुरुवात वेगाने करणे ही चुलत्याची खासियत. म्हणून स्मिथ यांनी पुतण्याला घंटा ऐकताच उसळायला शिकवले. हे गृहस्थ गुप्ततेचे इतके शौकीन की, सीबिस्किटसारखाच दिसणारा ग्रॉग नावाचा घोडा ते वार्ताहरांपुढे उभा करत. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया पुण्यात आला होता, तशातलाच हा प्रकार, फक्त या तोतयाने बंड केले नाही. पोलार्ड पाय मोडून पडला होता, म्हणून जॉर्ज वुल्फ हा जॉकी बसला आणि सीबिस्किट चार लांबींनी, म्हणजे चार घोड्यांच्या लांबीइतक्या अंतराने, जिंकला. सुमारे चार कोटी लोकांनी ती शर्यत रेडिओवर ऐकली असे सांगतात.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे. ‘सात मिनिटे’ असे लिहिले आहे आणि सातच्या खाली दोन रेघा आहेत. म्हणजे ज्या मुद्द्यासाठी आलो तो आता घाईने सांगतो.

पिम्लिकोला दोन्ही घोड्यांच्या पाठीवर वजन सारखे होते, १२० पौंड. त्या शर्यतीने त्या दिवशी कोणता घोडा वेगवान होता एवढेच ठरले. सीबिस्किटची सर्वांत मोठी शर्यत माझ्या मते त्याच वर्षी ५ मार्चला कॅलिफोर्नियातल्या सांता अनिता रेसकोर्सवर झाली. ती हँडिकॅप रेस होती, आणि ती तो हरला. अंतर सव्वा मैल. सीबिस्किटवर १३० पौंड होते. जिंकलेल्या स्टेजहँडवर १००. तीस पौंड म्हणजे १३.६ किलो. आपल्या घरगुती सिलिंडरमध्ये जेवढा गॅस असतो, जवळपास तेवढे वजन जास्त घेऊन हा घोडा पळाला, सुरुवातीला दुसऱ्या घोड्याने त्याला अडवल्यामुळे मागे पडला, तेथून पुढे आला आणि नाकाच्या अंतराने हरला. या पल्ल्याला दोन पौंडांमागे साधारण एक लांबी असा ढोबळ हिशेब धरतात. स्टेजहँड तीन वर्षांचा होता आणि सीबिस्किट पाच वर्षांचा, तेव्हा वयाची म्हणून मिळणारी सूट रास्तच होती, हे मी मान्य करतो. परंतु स्टेजहँडचे वजन ठरले, त्यानंतर तो सांता अनिता डर्बी ही मोठी शर्यत जिंकला, आणि तरी वजन शंभरच राहिले.

आजोबांकडे पाहा. मॅन ओ’ वॉर आयुष्यात एकदाच हरला, १९१९ साली, त्याच साराटोगाला. त्याच्यावर १३० पौंड, आणि जिंकलेल्या अपसेटवर ११५. सीबिस्किट सांता अनिताची हीच शर्यत १९३७ सालीही रोझमाँट नावाच्या घोड्याकडून नाकानेच हरला होता. ज्याला आपण उपेक्षित, दुबळा म्हणून डोक्यावर घेतो, तो १९३८ साली दुबळा राहिलाच नव्हता. वजन ठरवणाऱ्यांना ते कळले होते, आपल्याला अजून कळायचे आहे.

तीन मिनिटे उरली. १९३९ मध्ये त्याच्या पायाचा स्नायुबंध फाटला. मोडक्या पायाचा पोलार्ड आणि तो, दोघेही हॉवर्ड यांच्या रँचवर बरे होत राहिले. २ मार्च १९४० रोजी, सातव्या वर्षी, पोलार्डलाच पाठीवर घेऊन तो पुन्हा सांता अनिताच्या त्याच शर्यतीत पळाला, पुन्हा १३० पौंड घेऊन, आणि जिंकला; वेळ २ मिनिटे १.२ सेकंद. एकूण ८९ शर्यती, ३३ विजय, ४,३७,७३० डॉलर, जो त्या काळचा उच्चांक होता. १९४७ मध्ये तो गेला.

पत्रिकेत छापलेली जिद्दीची गाथा या शेवटच्या परिच्छेदात आली, तेवढी संयोजकांनी पदरात घ्यावी. आणि ज्यांना येथून परस्पर महालक्ष्मीला जायचे आहे, त्यांनी घरून नारळ आणला असेल तर आधी देवळात जावे.