‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका

नमस्कार मंडळी.

आपल्या मंडळात सातारा-सांगलीकडची घरं बरीच आहेत आणि अनेकांचे आईवडील आजही तिकडेच राहतात. म्हणून आज स्मृतिभ्रंशाबद्दल, म्हणजे डिमेन्शियाबद्दल, बोलते.

माझे काका सांगलीच्या मार्केट यार्डातले हळदीचे अडते. उभा जन्म सौद्यांत गेला. व्हिडिओ कॉलवर अगदी ठणठणीत वाटायचे. “काय गं, थंडी किती पडलीय तिकडं? पोरं बरी आहेत ना?” रविवारच्या दहा मिनिटांत अशा ठरलेल्या वाक्यांवर माणूस सहज निभावून नेतो. काकूंना मात्र घरात वेगळंच दिसत होतं. एकाच शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब, काका दोन-दोनदा करत. विश्रामबागेतल्या रोजच्या चौकात कुठं वळायचं ते सुचेना, नुसते उभे राहत. काकूंनी ते बरेच दिवस झाकून ठेवलं. लोक म्हणतील, डोक्यावर परिणाम झालाय. नातेवाईक म्हणत, सत्तरी ओलांडली, आता विसरायचंच की!

हे “विसरायचंच की” मला फार टोचतं. नाव पटकन न आठवणं वेगळं आणि आयुष्यभर हातात असलेलं काम जमेनासं होणं वेगळं. ते मेंदूच्या आजारामुळे होतं. भारतात साठीच्या पुढच्या दर शंभरांत साधारण सात जणांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे.

शेवटी चुलत बहीण काकांना मिरजेला मेंदूविकारतज्ज्ञांकडे घेऊन गेली. त्यांनी आधी रक्त तपासलं, चालू गोळ्या बघितल्या, मन खचलंय का तेही विचारलं. बी-१२ ची कमतरता, थायरॉईड, नैराश्य किंवा एखादं औषध यांमुळेही माणूस असाच विसरायला लागतो, आणि त्यावर इलाज असतो. वय झालं म्हणून घरी बसवलेल्या माणसाची ही संधी हुकते. काकांना अल्झायमर निघाला. स्मृतिभ्रंशाच्या ६० ते ७० टक्के रुग्णांत हेच कारण असतं. तो बरा होत नाही, पण गोळ्यांनी काहींची लक्षणं काही काळ सावरतात. शिवाय वेळेत कळलं, तर बँकेचे व्यवहार आणि मृत्युपत्र माणूस स्वतःच्या समजुतीनं करून ठेवू शकतो.

आता आपल्याबद्दल, कारण समोर चाळिशी-पन्नाशीतले बरेच जण दिसतायत. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे १४ धोके मांडले. ते सगळे टाळता आले तर जगातले जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश रोखता किंवा लांबवता येतील, असा त्यांचा अंदाज आहे. बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, तंबाखू, दारू, बैठं काम हे आपण ऐकून असतो. कानांचं मात्र कुणी मनावर घेत नाही. ऐकू कमी आलं की माणूस चारचौघांत बसणं टाळतो, संवाद तुटतो आणि मेंदूला मिळणारं खाद्य आटतं. चष्मा लावतो तितक्या सहज श्रवणयंत्र लावा, आईबाबांनाही लावायला सांगा. एकटेपण हाही त्या यादीतला धोका आहे. बाबांचा कट्टा, आईचं भजनी मंडळ सुटू देऊ नका.

पुढच्या कॉलला “बरं आहे ना?” एवढंच विचारून थांबू नका. काल दुपारी काय केलं, कोण आलं होतं, ते विचारा. आणि फोन घरात त्यांना सांभाळणाऱ्या वहिनीकडं द्यायला सांगून तिच्याशी निवांत बोला. खरं काय ते तिलाच ठाऊक असतं आणि सगळा भारही तिच्यावरच असतो. काका दिवसात दहादा विचारतात, “दादा आला का?” दादांना जाऊन वर्षं झाली. काकू वाद घालत नाहीत. दादांचा विषय काढतात, चहा ठेवतात. रात्री काका उठून कडी काढतात, तेव्हा काकूही जाग्या असतात.

पैसे पाठवणं गरजेचं आहेच. पण सुट्टीला जाल तेव्हा पंधरा दिवस ती रात्रीची जाग तुम्ही घ्या आणि वहिनीला माहेरी जाऊ द्या. इतर वेळी रात्री बसणारं माणूस ठेवा, त्याचा पगार आपण भावंडांनी वाटून घ्यावा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही सरकारी हेल्पलाइन आहे. तो नंबर आज रात्रीच घरच्यांना पाठवा.