आधी गाडी मूळ पदावर

व्याख्यानाला यायच्या आधी दाराशीच एकाने गाठलं. म्हणाला, "ट्यूनर अपडेट मागतोय, करून टाकू का?" मी विचारलं, "आत्ता गाडीत काय आहे? कंपनीची फाइल की ट्यून?" तो गप्प. म्हणून आज तिथूनच सुरुवात करतो. ट्यूनर म्हणजे इंजिनच्या संगणकातली कंपनीची फाइल बदलून तिच्या जागी वेगळी फाइल, म्हणजे ट्यून, टाकणारी हातातली डबी.

'अपडेट' हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या कामांना वापरतो आणि सगळा घोळ तिथे होतो. एक काम म्हणजे ट्यूनर यूएसबी केबलने संगणकाला जोडून त्याचं स्वतःचं सॉफ्टवेअर बदलणं. दुसरं म्हणजे तोच ट्यूनर गाडीच्या ओबीडी पोर्टला, म्हणजे तपासणीचं यंत्र जोडायच्या खाचेला लावून इंजिनच्या संगणकात, म्हणजे ईसीएममध्ये फाइल लिहिणं, म्हणजे आपण ज्याला फ्लॅश मारणं म्हणतो ते. पहिल्या कामात गाडीला हातही लागत नाही, म्हणून लोक ते निर्धास्तपणे करतात. पण गाडीला परत मूळ पदावर आणायची वाट त्या हातातल्या डबीतूनच जाते.

पहिल्यांदा ट्यून करताना बहुतेक ट्यूनर ईसीएममधली मूळ फाइल वाचून स्वतःजवळ ठेवतात. काही फक्त तिचा क्रमांक नोंदवून ठेवतात. शिवाय ट्यूनर त्या गाडीच्या १७ अक्षरी व्हीआयएनशी, म्हणजे ओळख क्रमांकाशी बांधला जातो. आता गाडीत ट्यून तसाच ठेवून तुम्ही ट्यूनर अपडेट करायला घेतला आणि मध्येच लॅपटॉप झोपला, तर मूळ फाइल ज्याच्या पोटात आहे तेच यंत्र अडकलं. गाडी चालेल, पण परतीचा रस्ता बंद. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी गाडीत मूळ फाइल परत लिहायची, मग ट्यूनर अपडेट करायचा, आणि शेवटी नवा ट्यून टाकायचा. काही उत्पादक म्हणतात, एवढं करायची गरज नाही. मी तरी करतो.

हीच गोष्ट सर्व्हिस सेंटरला गाडी देताना. तिथे ईसीएमचं सॉफ्टवेअर बदललं, की ट्यूनरमधली 'मूळ' फाइल जुनी झाली. गाडी परत आल्यावर ट्यूनर नवा क्रमांक ओळखत नाही आणि काम नाकारतो. नाकारतो हे बरंच आहे. जबरदस्तीने लिहायच्या युक्त्या शोधू नका. अशा वेळी ट्यूनरच्या अपडेटमधून त्या नव्या क्रमांकाची ओळख येईपर्यंत थांबायचं.

संगणकाकडचं काम सोपं आहे. सॉफ्टवेअर उत्पादकाकडूनच घ्या, केबल हबमध्ये न खोचता थेट लॅपटॉपला लावा, चार्जर जोडा, स्लीप बंद करा. झालं.

खरा शत्रू गाडीत बसलाय, आणि तो म्हणजे व्होल्टेज. ईसीएममधली फ्लॅश मेमरी वहीसारखी खोडून थोडी थोडी बदलता येत नाही. आख्खा ब्लॉक आधी पुसावा लागतो, मग त्यावर नवं लिहिता येतं. पुसून झालंय, लिहून व्हायचंय, आणि नेमका तेव्हा बॅटरीने दम सोडला, तर इंजिन चालवायला प्रोग्रॅमच शिल्लक नाही. त्यात इंजिन बंद आणि चावी ऑन, म्हणजे अल्टरनेटर काही देत नाही आणि सगळे मॉड्यूल मात्र वीज पितायत. १२ व्होल्टच्या गाडीत पूर्ण चार्ज, विसावलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ दाखवली तर ती अर्धी रिकामी आहे, त्या दिवशी हात लावू नका. मोठ्या डिझेल पिकअपमध्ये दोन बॅटऱ्या समांतर असतात. त्यातली एक मेलेली असेल तर ती चांगलीलाही खाली ओढते, म्हणून दोन्ही सुट्या तपासा. २४ व्होल्टचा अवजड ट्रक असेल तर १२ व्होल्टचा ट्यूनर त्याच्या जवळही नेऊ नका.

मी स्थिर व्होल्टेज देणारा बॅटरी मेंटेनर लावूनच फ्लॅश करतो. चार्जरचा 'बूस्ट' मोड नको, त्यात व्होल्टेज फार चढतं. ब्लोअर, दिवे, रेडिओ बंद. बाहेरून बसवलेला अँप्लिफायर असेल तर त्याचा फ्यूज काढा. ओबीडीला फाटा काढून जोडलेलं दुसरं काहीही असेल तर तेही काढा, कारण ते त्याच तारांवर मध्येच बोलतं. काही डिझेल इंजिनांत थंडीत चावी फिरवली की हवा तापवणारा हीटर शंभरपेक्षा जास्त अँपिअर ओढतो. त्यामुळे इंजिन आधी गरम करून घ्या. एकदा मी हे सगळं केलं आणि ब्लोअर तेवढा विसरलो. ७० टक्क्यांवर काम थांबलं.

अशा वेळी घाबरून केबल उपटू नका. ईसीएमचा बूटलोडर, म्हणजे फाइल आत घेणारा त्यातला छोटा प्रोग्रॅम, सहसा शाबूत असतो. तो पुन्हा फाइल घ्यायला तयार असतो. व्होल्टेज सावरा, पडद्यावर काय सांगतंय ते वाचा आणि तेवढंच करा. चावी बंद करायला सांगितलं तरच बंद. माझी गाडी दुसऱ्या प्रयत्नात उठली, पण ती दहा मिनिटं लांब होती.

एक जण हळूच विचारत होता, अपडेटनंतर काही जुने ट्यून गायब होतात ते का. प्रदूषण नियंत्रण निकामी करणारे ट्यून असतील, तर होऊ शकतात. अमेरिकेत क्लीन एअर ॲक्टखाली असली साधनं विकणं आणि बसवणं बेकायदा आहे, त्यामुळे उत्पादक ते काढून टाकतात. त्या भीतीने अपडेटच न करणाऱ्यांना माझ्याकडे उत्तर नाही.

फ्लॅश झाल्यावर एरर कोड वाचा. ईसीएमने शिकून ठेवलेले आकडे पुसले गेलेले असतात, म्हणून आयडल थोडं डोलेल, गिअर जरा उशिरा पडतील. पहिले काही दिवस भार न ओढता चालवा, आणि मूळ फाइलची एक प्रत ट्यूनर काढून देत असेल तर ती संगणकावर ठेवा, गाडीचा व्हीआयएन नावात लिहून.