आकडा पोराचा की कोचचा?

मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत. आवाज पोचतोय ना? बरं. विषय तुम्हाला माहितीच आहे, एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, तिच्या ड्राफ्टच्या आधी कॉलेजचा खेळाडू कसा पारखायचा. ड्राफ्ट म्हणजे काय हे या हॉलमध्ये सांगायची गरज नाही, जूनमध्ये पहाटे साडेपाचला गजर लावून उठणारी माणसं आहात तुम्ही. टीमनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडायचे, दोन राउंड, साधारण साठ नावं, हरलेल्या टीमना आधी नंबर, आणि २००६ पासून नियम असा की शाळा संपून एक वर्ष झालेलं हवं आणि ड्राफ्टच्या वर्षात १९ पूर्ण व्हायला हवीत, म्हणून मग पोरं कॉलेजात एक सीझन खेळतात आणि निघतात. एक सीझन म्हणजे तीस-पस्तीस मॅच. त्यावरून एनबीएच्या टीमने ठरवायचं की या पोरावर पुढची चार वर्षं लावायची का.

आता मला जे सांगायचंय ते आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी भरकटणार आणि ते राहून जाईल. खेळाडूच्या नावापुढे जो आकडा छापलेला असतो ना, पॉइंट इतके, असिस्ट, म्हणजे ज्यावर दुसऱ्याने बास्केट केलं असे पास, इतके, तो आकडा एकट्या त्या पोराचा नसतो. कोचने त्याला जे काम दिलं त्या कामाचा तो आकडा असतो. आणि आपण तो दहावीच्या मार्कांसारखा वाचतो. याला ९२, त्याला ८५, हा पुढे तो मागे. इथेच सगळा घोळ होतो, आपलाच नाही, कोट्यवधी डॉलर खर्च करणाऱ्यांचाही.

हात वर करायचा एक खेळ खेळू. तीन आकडे सांगते. २८.१, २८.६ आणि २८.९. तिघं कॉलेजचे खेळाडू, तिघांची एका सीझनमधली पॉइंटची सरासरी, तिघंही त्या त्या वर्षी अख्ख्या अमेरिकेत टॉप स्कोअरर. यातला एक पुढे बास्केटबॉलचा इतिहास बदलणार आहे. कोणता? २८.९ वाले हात वर... बरेच आहेत. २८.१? कोणीच नाही, बिचारा.

२८.१ म्हणजे अॅडम मॉरिसन, गोंझागा, २००६, तिसऱ्या नंबरवर शार्लटने घेतला. २८.९ म्हणजे जिमर फ्रेडेट, बीवाययू, २०११, दहावा पिक, गेला सॅक्रामेंटोला. दोघंही एनबीएत फार काही करू शकले नाहीत, मॉरिसनचा तर गुडघाही गेला, ते लक्षात ठेवायला हवं. आणि मधला २८.६, इतिहास बदलणारा, म्हणजे स्टीफन करी, डेव्हिडसन कॉलेज, २००९.

म्हणजे बघा, आकड्याने तिघांत अर्धा-पाऊण पॉइंटचा फरक. आकडा हेच सांगतोय की तिघांनाही त्यांच्या कोचने सांगितलं होतं, बॉल तुझा, मार. ते काम तिघांनी नीट केलं. पण ते काम सोडून तो काय करू शकतो, हे त्या २८ मध्ये कुठेच लिहिलेलं नाही.

मग ते कुठे लिहिलेलं असतं? इथे मला माझी सगळ्यात लाडकी मॅच सांगू दे. ज्यांनी माझ्याकडून आधी ऐकलीय त्यांनी परत ऐका, चांगली गोष्ट आहे.

नोव्हेंबर २००८. त्याच वर्षी मार्चमध्ये करीने डेव्हिडसनसारख्या छोट्या कॉलेजला शेवटच्या आठात नेलेलं, तिथे कॅन्ससकडून ५९-५७ ने हरले, दोन पॉइंटनी, आणि कॅन्सस पुढे चॅम्पियन झालं. त्यामुळे नव्या सीझनमध्ये जो तो करीला कसं अडवायचं याच विचारात. तर लोयोला मेरीलँड नावाची टीम डेव्हिडसनला खेळायला आली आणि त्यांचे कोच जिमी पॅट्सॉस यांनी ठरवलं की करीवर दोन माणसं लावायची. आता बॉल हातात आला की दोघांनी धरायचं हे सगळेच करतात, तसं नाही. बॉल असो नसो, कायम दोन माणसं, अख्खी मॅच, बॉल पार दुसऱ्या टोकाला असला तरी दोघं करीला चिकटून.

आता तुम्ही वीस वर्षांचे आहात, देशातले टॉप स्कोअरर आहात, एनबीएचे स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे, तुमच्या मागावर आहेत, काय कराल? शंभरातले नव्वद जण धडपडतील, दोघांच्या अंगावरून शॉट मारतील, चिडतील, कोचकडे हात करून बघतील. करीने काय केलं, तो जाऊन कोपऱ्यात उभा राहिला. दोन डिफेंडर घेऊन कोपऱ्यात. राहिले चार विरुद्ध तीन. आणि बाकीच्या चौघांनी त्या तिघांची दाणादाण उडवली. करीचे त्या मॅचमध्ये पॉइंट शून्य. डेव्हिडसन जिंकलं ७८-४८ ने. तीस पॉइंटनी!

मी म्हणते, त्या वर्षी करीची एकच मॅच बघायची असेल तर ही बघा. त्याची सरासरी या मॅचने खाली आली, कागदावर त्याचा सगळ्यात वाईट दिवस. पण आज करीच्या एनबीए टीमची, गोल्डन स्टेटची, मॅच बघताना जे दिसतं, की करीकडे बॉल नाही आणि तरी दोन माणसं त्याच्यामागे धावतायत आणि दुसरा कोणीतरी बास्केटखाली मोकळा, ते सगळं त्या नोव्हेंबरच्या रात्री कोपऱ्यात उभं होतं. ज्याला बघायचं होतं त्याला दिसत होतं.

आणि तरी २००९ च्या ड्राफ्टमध्ये तो सातवा गेला. मिनेसोटाकडे पाचवा आणि सहावा असे लागोपाठ दोन पिक होते, दोन्हीवर त्यांनी पॉइंट गार्डच, म्हणजे बॉल घेऊन खेळ चालवणारेच, घेतले, रिकी रुबिओ आणि जॉनी फ्लिन. फ्लिनबद्दल वाईट बोलायचं नाहीये मला, त्या मार्चमध्ये सिरॅक्यूज आणि कनेक्टिकटची ती सहा ओव्हरटाइमची मॅच झाली, १२७-११७, त्यात हा पोरगा ७० पैकी ६७ मिनिटं खेळलाय, छाती दडपून जाते बघताना. पुढे खुब्याच्या दुखण्याने त्याचं करिअर गेलं, त्याचं मला खरंच वाईट वाटतं. पण मार्चमधली एक रात्र सगळ्यांच्या डोळ्यासमोर राहते आणि नोव्हेंबरमधली राहत नाही, हे मात्र दरवर्षी होतं.

बरं, हे झालं आकडा फुगलेला असतो त्याचं. आता दबलेला आकडा. तो अमेरिकेतला जुना विनोद माहितीये ना, की मायकल जॉर्डनला वीस पॉइंटच्या आत कोण रोखू शकलं? तर त्याचे कॉलेजचे कोच, डीन स्मिथ! नॉर्थ कॅरोलायनातली जॉर्डनची तीन सीझनची सरासरी १७.७. तेव्हा कॉलेजमध्ये आजच्यासारखा शॉट क्लॉक, म्हणजे ठरलेल्या सेकंदांत शॉट मारायलाच लावणारं घड्याळ, नव्हतं, ते सगळीकडे १९८५ नंतर आलं, बॉल फिरवत बसायचे, आणि डीन स्मिथ यांच्या टीममध्ये एकट्याने मारत सुटायची पद्धतच नव्हती.

दबलेल्या आकड्यांचं अलीकडच्या काळातलं घर म्हणजे केंटकी कॉलेज. तिथले तेव्हाचे कोच जॉन कॅलिपारी यांची २०१४-१५ ची टीम आठवा. सलग ३८ मॅच जिंकले आणि सेमीफायनलला विस्कॉन्सिनकडून हरले. त्या टीममधून त्या जूनमध्ये सहा जण ड्राफ्ट झाले. एका टीममधून सहा! एवढी गुणी पोरं एका बॉलवर कशी खेळवायची, तर कॅलिपारींनी सुरुवातीला पाच-पाच जणांचे दोन संच केले, हे पाच बाहेर ते पाच आत. परिणाम काय, कार्ल-अँथनी टाउन्स, पुढे पहिल्या नंबरवर गेलेला खेळाडू, मॅचला एकवीसेक मिनिटं, पॉइंट दहा. आणि त्याच टीममध्ये बेंचवरून येणारा एक पोरगा, तोही एकवीस मिनिटं, तोही दहा पॉइंट. डेव्हिन बुकर.

बुकर स्टार्टर, म्हणजे सुरुवातीच्या पाचांतला, नव्हता हो! बेंचवरून येणाऱ्यांतला सर्वोत्तम म्हणून त्याला त्यांच्या कॉन्फरन्सचं, म्हणजे कॉलेजांच्या गटाचं, बक्षीस मिळालं. त्याचं काम काय, तर कोपऱ्यात थांब, पास आला की मार. ते त्याने केलं, थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून मारायचे तीन पॉइंटचे शॉट, ४१ टक्के. म्हणून स्काउटच्या कागदावर लिहिलं गेलं, शूटर. तेराव्या नंबरवर फिनिक्सने घेतला. त्याआधी सहाव्या नंबरवर सॅक्रामेंटोने केंटकीचाच विली कॉली-स्टाइन घेतला होता. हेच ते सॅक्रामेंटो किंग्ज, २०१९ ला वरळीच्या डोममध्ये खेळून गेले, मालक मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे, म्हणून आपलं जरा जास्तच लक्ष असतं त्यांच्याकडे आणि जास्तच जीव जळतो. दोन वर्षांनी, विशीत, बुकरने बॉस्टनमध्ये एका मॅचला ७० पॉइंट केले.

अजून एक, बॅम अॅडेबायो, केंटकी, २०१७, चौदावा पिक. कॉलेजात असिस्ट मॅचला एकसुद्धा नाही, ०.८. कारण बॉल टीममधल्या फॉक्स आणि मंक यांच्याकडे, याला सांगितलेलं की वर उडी मार आणि डंक कर. मायामीत गेल्यावर तिसऱ्या सीझनला मॅचला पाचच्या वर असिस्ट. पासिंग तीन वर्षांत आभाळातून पडलं नाही, त्याच्यात होतंच, कोणी मागितलंच नव्हतं.

हे सगळं मला एवढं का लागतं सांगू? आमच्या जिल्ह्याच्या निवड चाचणीत मुलींना आधी भिंतीला टेकवून उंचीप्रमाणे उभं करायचे. उंच त्या पोस्टमध्ये, म्हणजे बास्केटखाली, बुटक्या गार्ड, मधल्या कुठेही. मग त्या त्या जागेवर खेळवायचे आणि मग म्हणायचे, हिला पासिंग जमत नाही. अहो तुम्ही तिला पास द्यायच्या जागी उभीच केली नाहीत! एक मुलगी होती आमच्यात, उंच होती म्हणून कायम बास्केटखाली, पण प्रॅक्टिस संपल्यावर जी काही पास द्यायची, डोळे एकीकडे बॉल दुसरीकडे. निवड समितीला ते कधी दिसलं नाही, कारण ते प्रॅक्टिस संपल्यावर व्हायचं आणि ते तोवर चहाला गेलेले असायचे. ती पुढे खेळली नाही. आजही मला त्याचा राग येतो आणि मला तो घालवायचाही नाहीये.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. आणि "कसं पारखायचं" यावर मी अजून आलेच नाही, तर आता भराभर.

तुम्ही विचाराल, मग केंटकीच्या बेंचवरचा प्रत्येक जण बुकर समजायचा का? अजिबात नाही. त्याच टीमचा आरन हॅरिसन स्टार्टर होता आणि ड्राफ्टच झाला नाही. म्हणून कोचच्या कामापासून जे सुटं आहे ते शोधायचं. पहिलं, फ्री थ्रो, म्हणजे फाउल झाल्यावर मिळणारा मोकळा शॉट. तिथे डिफेंडर नाही, सिस्टीम नाही, तो आणि बास्केट. कॉलेजच्या एका सीझनमध्ये पोरगा थ्री-पॉइंटर मारतो शंभर-सव्वाशे. शंभर शॉटमध्ये खरा ४० टक्क्यांचा शूटर नुसत्या नशिबाने ३५ दिसू शकतो नाहीतर ४५, आणि आपण त्या दहा टक्क्यांवर भांडत बसतो. टायरीस मॅक्सी घ्या, परत केंटकी, २०२०. थ्री-पॉइंटर २९ टक्के, म्हणून "शूटिंग नाही" असं लिहिलं गेलं आणि तो २१ व्या नंबरपर्यंत घसरला. फ्री थ्रो मात्र ८३ टक्के. हात चांगलाच होता. फिलाडेल्फियात दुसऱ्याच सीझनला थ्री-पॉइंटर ४२ टक्क्यांच्या वर. बुकरचेही फ्री थ्रो ८३ च्या आसपास होते.

दुसरं, वय. १८ वर्षांच्या पोराने केलेले दहा पॉइंट आणि २२ वर्षांच्याने केलेले दहा, हे एक नव्हेत, समोरच्या पोरांपेक्षा अंगाने थोराड असण्याचा फायदा एनबीएत पहिल्याच रात्री संपतो. पण याचीही हद्द झालीय. जेलन ब्रन्सन तीन वर्षं व्हिलानोव्हात, दोनदा चॅम्पियन, २०१८ चा देशातला सर्वोत्तम खेळाडू, आणि ड्राफ्टमध्ये ३३ वा, का तर उंची सहा फूट दोन आणि "हा झालाय तयार, आता काय वाढणार". आज तो न्यूयॉर्ककडून खेळतो, तिथे जाऊन विचारा. वय हे वजन करायला वापरा, फाटकासारखं लावून घेऊ नका.

तिसरं, मापं. शिकागोच्या कम्बाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचणीत, उंची, हाताचा पसारा, उडी, सगळं मोजतात. हाताचा पसारा मी बघते, तो खरंच कामाचा आहे, डिफेन्समध्ये दिसतो. पण २००७ ला अशाच चाचणीत, तेव्हा ती ऑर्लँडोत झाली होती, केव्हिन ड्युरंटला १८५ पाउंडांचा बार एकदाही उचलता आला नव्हता, आणि टेक्ससमध्ये त्याच पोराने सीझनभर सरासरी २५.८ पॉइंट आणि ११ रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचे पकडलेले बॉल, काढले होते. दंड मोजायचे की ते?

चौथं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं. पूर्ण मॅच बघा, हायलाइट नाही. आणि त्यातही प्लॅन फसतो ते सेकंद बघा. शॉट क्लॉक संपत आलाय, कोचने सांगितलेलं बंद झालंय, स्क्रीन, म्हणजे साथीदाराने डिफेंडरची वाट अडवायचा डाव, फसलाय, आता पोरगा स्वतःच्या डोक्याने काय करतो? एका मॅचमध्ये असे दहा-बारा क्षण मिळतात. बॉल त्याच्याकडे नसताना तो उभा कुठे आहे, मान वळवून मागे बघतो का, चूक झाल्यावर पळत परत येतो की रेफरीशी बोलत बसतो. वहीत लिहा. चार-पाच मॅच झाल्या की त्या वहीत एक वेगळाच खेळाडू दिसायला लागतो, आकड्यातला नव्हे.

पाचवं, टीम. बुकरला फिनिक्सने हरत असतानाही खेळवलं, चुका करू दिल्या. हाच पोरगा जिंकायच्या घाईतल्या टीमकडे गेला असता तर अजून कोपऱ्यात उभा असता. म्हणून मॉक ड्राफ्टमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधी छापतात त्या अंदाजांत, फक्त "कितवा" बघू नका, "कुठे" बघा, आणि तिथले कोच त्याला कोणतं काम देणार ते बघा.

वेळ संपली म्हणतायत. प्रश्न असतील तर विचारा, हॉल रिकामा करायला अजून पाच मिनिटं आहेत, आणि ज्यांना ती लोयोलाची मॅच बघायचीय त्यांनी बाहेर माझ्याशी बोला.