ढोल वाजायच्या आधी पाच मिनिटं

नमस्कार मंडळी. सेक्रेटरींनी पाचच मिनिटं दिलीत, मागे पोरं ढोल ताणतायत, म्हणून भराभर बोलते.

मी नाशिकची, पंचवटीतली. नाशिक ढोलाचं कौतुक तुम्हाला मी काय सांगू, पण सहा वर्षं मला तो ढोल ऐकवत नव्हता.

26 नोव्हेंबर 2008. मुंबईत नोकरीला होते, रात्रीच्या गाडीने घरी जायला सीएसटीच्या मेन लाइनला बॅगेवर बसलेले. आधी वाटलं फटाके, कुणाचं तरी वऱ्हाड असेल. मग शेजारच्या बाईंचा स्टीलचा डबा पडला, त्याचं झाकण गोल गोल फिरत लांब गेलं आणि मी वेड्यासारखी त्या झाकणाकडेच बघत बसले, पळायचं सुचलंच नाही, कुणीतरी दंडाला धरून ओढलं. लोकलच्या बाजूला विष्णू झेंडे माइकवरून लोकांना बाहेर काढत होते हे नंतर पेपरात वाचलं. त्या स्टेशनात 58 माणसं गेली. मला खरचटलंसुद्धा नाही.

आणि तिथेच घोळ झाला. घरी जो येई तो म्हणे, देवाची कृपा, तुला काही लागलं नाही ना! मलाही पटलं, की ज्यांचं माणूस गेलं त्यांनी रडायचं, आपण कुठल्या तोंडाने डॉक्टरकडे जायचं? मालेगाव तर आमच्याच जिल्ह्यातलं, 2006 ला तिथे स्फोट झाले तेव्हा आकडा वाचून पान उलटलं होतं मी, जे धड घरी परतले त्यांना झोप लागत असेल का हे मनातही आलं नव्हतं.

घरात झाकण पडलं की मी ओट्याखाली. भावाला सोडायला नाशिकरोडला जायचं तरी पोटात गोळा यायचा. आईने मीठमोहरी ओवाळली, त्र्यंबकला जाऊन शांत केली. मी हसत नाही हं त्याला, तिला जे येत होतं ते तिने केलं. एका डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या, झोप का उडाली ते विचारलंच नाही. आणि मानसोपचारतज्ज्ञांचं नाव काढलं की मावशी म्हणायची, आधी लग्न तर होऊ दे.

शेवटी 2014 ला गंगापूर रोडला एका मॅडमकडे गेले. त्यांना म्हटलं, धसका बसलाय. त्या म्हणाल्या, बरोब्बर शब्द आहे, आमच्या पुस्तकात त्याला पीटीएसडी म्हणतात. बऱ्याच जणांचं आपोआप निवळतं म्हणे, पण महिना उलटूनही तसंच राहिलं तर दाखवायचं, आणि मी काढली सहा वर्षं! त्यांनी ती रात्र पहिल्यापासून सांगायला लावली, परत परत, झाकणासकट. मग नाशिकरोड. आधी नुसतं बाहेर रिक्षा स्टँडवर, पुढच्या आठवड्यात प्लॅटफॉर्म तिकीट काढून आत, मग मुंबईहून पंचवटी एक्सप्रेस येईपर्यंत बाकावर बसून राहायचं. सोबत एक गोळी, रोजची. सात-आठ महिने लागले, मधे दोनदा सोडूनही दिलं होतं.

आज हे काढलं कारण 4 जुलै 2022 ला इथे अमेरिकेत, शिकागोजवळच्या हायलंड पार्कच्या परेडमध्ये गोळीबार झाला तेव्हाही लोकांना आधी फटाकेच वाटले होते, ते वाचून माझे हात गार पडले. आपल्यातलं कुणी अशा ठिकाणी असेल, किंवा तिकडचं काही घेऊन इकडे आलं असेल, तर इथे 988 आहे, मनाच्या त्रासासाठीचा मदतीचा फोन. गावाकडे आईवडिलांसाठी तसाच टेली मानस, 14416, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. डॉक्टरांना इंग्लिशमधे सांगताना अडलात तर धडधडतं, दचकायला होतं, जे येईल ते मराठीत लिहून न्या, मुलं करतील ट्रान्सलेट.

आई इकडे आलीय, ती समोर तिसऱ्या रांगेत. ताट-वाटी घासताना अजून ओट्यावर जाड फडकं अंथरते, मी म्हणते काढ आता, तर म्हणते असू दे, ओटा खराब होतो.

बरं, आरतीनंतर ढोल सुरू होईल. ज्यांना आवाज नको त्यांच्यासाठी पार्किंगच्या बाजूची खोली उघडी ठेवलीय, चहा तिथेच आहे, आणि कुणाला का आलात म्हणून विचारणार नाही. किल्ली माझ्याकडे आहे.