जेजू: पाणी न धरणारा दगड

[दृश्य: कोरडं नदीपात्र, काळे धोंडे]

ही नदीच आहे. जोराचा पाऊस झाला की थोडा वेळ खळाळते, मग पुन्हा अशीच कोरडी. वास्तविक दक्षिण कोरियात सर्वांत जास्त पाऊस पडणाऱ्या भागांत जेजूची गणना होते. बेटाच्या मधोमध हाल्लासान हा ज्वालामुखी आहे. त्याच्या माथ्याकडे वर्षाला ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो.

मग पाणी जातं कुठे? दगड जवळून पाहा. सह्याद्रीसारखाच हा बेसॉल्ट, पण वयाने कोवळा आणि छिद्राछिद्रांचा. पडेल तेवढं पाणी पोटात घेतो आणि थेट समुद्रकाठी झऱ्यांतून सोडतो. म्हणून जुनी गावं किनाऱ्याला बिलगलेली. सुमारे १,८५० चौरस किलोमीटरच्या बेटावर भातखाचरं नावापुरती. पोट भरायचं ते राळा आणि सातूवर.

[दृश्य: गोल पोटाचं, अरुंद गळ्याचं मडकं]

झऱ्यावरून पाणी बायकांनी आणायचं, या 'हॉबॉक'मधून. तेही टोपलीत ठेवून पाठीवर. पायाखाली धोंडे आणि अंगावर वारा असताना डोक्यावरचा घडा टिकायचा नाही.

माती ज्वालामुखीच्या राखेची, हलकी. राळा पेरला आणि तसाच सोडला तर वारा मातीसकट बी उचलून नेतो, उरलेलं वाळून जातं. म्हणून पेरणी झाली की शेतात घोडी घालून माती तुडवून घ्यायची. घोडी इथे मुबलक, कारण तेराव्या शतकात मंगोलांनी बेटावर घोड्यांची कुरणं उभी केली.

[दृश्य: शेताचा गडगा, फटींतून पलीकडचं हिरवं]

शेतातले धोंडे उचलायचे आणि कडेला रचायचे, चुना-माती काही नाही. कोकणातला गडगा आठवेल, पण इथे बहुतेक ठिकाणी एकाच धोंड्याची जाडी, आणि मधे फटी मुद्दाम ठेवलेल्या. फटी बुजवा, म्हणजे वारा अख्खा गडगा आडवा करील. फटी असल्या की जोर मोडलेला वारा आत येतो, रोपं उभी राहतात. धोंड्यांचे खरबरीत पृष्ठभाग एकमेकांत अडकतात, तीच त्यांची पकड.

[दृश्य: संत्र्याची बाग]

कोरियाच्या जुन्या जोसन राजवटीत संत्री हा दरबारचा नजराणा होता. अधिकारी झाडावरची कोवळी फळं मोजून जात आणि वाऱ्याने गळलेल्या फळांची भरपाईही मालकाकडून घेत. मुळाशी उकळतं पाणी ओतून लोक झाडं मारत, असं सांगतात. त्यात १६२९ पासून जवळजवळ २०० वर्षं बेट सोडून जायलाही बंदी. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र याच संत्र्यांना इतका भाव आला की लोक त्यांना 'विद्यापीठाचं झाड' म्हणू लागले: पोरांचं शिक्षण त्यावर व्हायचं.

[दृश्य: समुद्रात तरंगता नारिंगी फ्लोट]

या हेन्यो. ऑक्सिजनची टाकी न घेता तळाशी बुडी मारणाऱ्या. वर आल्या की शिट्टीसारखा श्वास सोडतात. अबालोन हा खाण्याचा समुद्री शंखप्राणी दगडाला घट्ट चिकटलेला असतो, तो लोखंडी पट्टीने एका झटक्यात उपटायचा. झटका चुकला तर तो आणखी आवळतो, पट्टी अडकते. आणि पट्टीची दोरी मनगटाला बांधलेली असते. १९६० च्या दशकात हेन्यो २०,००० च्या वर होत्या, आज ३,००० सुद्धा नाहीत, आणि बहुतेकींनी साठी ओलांडली आहे.

[दृश्य: बांबूचं बेट, भोवती पडके गडगे]

डोंगराकडच्या या गावात आता घरं नाहीत. ३ एप्रिल १९४८ ला बेटावर सशस्त्र उठाव झाला. ऑक्टोबरमध्ये लष्कराने जाहीर केलं: किनाऱ्यापासून ५ किलोमीटरपलीकडे दिसेल तो शत्रू. गावंच्या गावं जाळली गेली. १९५४ पर्यंत २५ ते ३० हजार माणसं गेल्याचा अंदाज आहे, म्हणजे दहातलं एक. परसातला बांबू तेवढा राहिला, त्यावरून घरांच्या जागा ओळखतात. २००३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रो मू-ह्यून यांनी सरकारच्या वतीने माफी मागितली.

[दृश्य: बाटलीबंद पाण्याची दुकानातली रांग]

दगडात मुरलेलं पाणी १९९८ पासून बाटलीत विकलं जातं. नाव 'समदासू'. 'समदा' म्हणजे बेटावर उदंड असलेल्या तीन गोष्टी: दगड, वारा, बायका. पण ज्या छिद्रांतून पाऊस खाली जातो, त्यांतूनच रासायनिक खत आणि डुकरांच्या गोठ्यांतली घाणही जाते. पश्चिमेकडच्या विहिरींच्या पाण्यात नायट्रेट वाढलं आहे.