टनेल चालू आहे म्हणजे नक्की काय चालू आहे?

मोठ्या कार्यालयात वाय-फाय अडलं की फोन नेटवर्क विभागात येतो. आपण कंट्रोलरचा डॅशबोर्ड उघडतो, सगळे ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय देणारी यंत्रं; कंट्रोलर त्या सगळ्यांना सांभाळतो) हिरवे दिसतात आणि आपण सांगून टाकतो, "आमच्याकडून तर सगळं चालू आहे." समोरचा माणूस मात्र खरंच अडलेला असतो. आज बोलायचं आहे ते त्या हिरव्या ठिपक्याबद्दल.

ॲक्सेस पॉइंट आणि कंट्रोलर यांच्यात जो टनेल, म्हणजे नेटवर्कमधून जाणारी राखीव वाट, बांधला जातो, त्याचा प्रमाणित प्रोटोकॉल कॅपवॅप. तो २००९ साली आरएफसी ५४१५ (इंटरनेटच्या मानकांचा दस्तऐवज) म्हणून प्रसिद्ध झाला. आपण 'टनेल' असं एकवचनात म्हणतो, पण वाटा दोन असतात: कंट्रोलची यूडीपी ५२४६ पोर्टवर आणि डेटाची ५२४७ वर. कंट्रोलची वाट डीटीएलएस या सुरक्षा-प्रोटोकॉलने एन्क्रिप्ट होते, डेटाची करायची की नाही ते आपण ठरवतो. दोन्ही वाटांवर ॲक्सेस पॉइंट ठरावीक वेळाने हाक मारतो आणि कंट्रोलर ओ देतो. या हाकांमधलं अंतर मुळात ३० सेकंदांचं ठेवलेलं आहे. ओ येत राहिली की ठिपका हिरवा राहतो. त्या ठिपक्याला यापलीकडचं काही कळत नाही.

एका शाखेतला अनुभव सांगतो. लोक वाय-फायला जोडले जात होते, आयपी पत्ता मिळत होता, पिंगही जात होता. पण वेबपेज अर्धवट उघडून थांबायचं आणि फाइल अपलोड होता होता अडकायची. दोन दिवस आम्ही रेडिओ तपासत बसलो. चॅनेल बदलले, सिग्नल मोजले, हाती काही लागलं नाही. शेवटी त्या शाखेच्या स्विचवरून कंट्रोलरकडे डीएफ बिट (पॅकेटचे तुकडे करू नका ही खूण) लावून १४७२ बाइटांचा पिंग मारला. पिंग ज्यातून जातो त्या आयसीएमपीच्या हेडरचे ८ आणि आयपी हेडरचे २० बाइट मिळवले की बरोबर १५०० होतात. उत्तर आलं नाही. आकार १३०० केला आणि लगेच उत्तर आलं.

झालं होतं असं: शाखेची लिंक बदलून आयपीसेकवर, म्हणजे एन्क्रिप्ट केलेल्या वाटेवर, नेली होती. आयपीसेकचे हेडर चढल्यावर आत १५०० बाइटांचं पॅकेट मावत नव्हतं. "पॅकेट मोठं आहे, छोटं करा" हे सांगणारा आयसीएमपी संदेश मधला फायरवॉल टाकून देत होता. कीपअलाइव्हचं, म्हणजे त्या हाकांचं, पॅकेट इवलंसं, ते बिनबोभाट पार व्हायचं आणि टनेल चालू दिसायचा. आम्ही तो संदेश फायरवॉलमधून सोडला, टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटात भरायच्या डेटाची मर्यादा) कमी केला आणि तक्रारी थांबल्या. पण ते दोन दिवस शाखेतल्या लोकांचे वाया गेले, आणि याची मला आजही टोचणी आहे. म्हणून माझा आग्रह आहे की लोक जेवढी मोठी पॅकेट पाठवतात तेवढ्याच मोठ्या पॅकेटने टनेलची वाट रोज तपासा.

दुसरी गोष्ट वयाची. कंट्रोलरवर प्रत्येक ॲक्सेस पॉइंटची दोन वयं दिसतात: यंत्र कधीपासून चालू आहे आणि टनेल कधीपासून जोडलेला आहे. ती शेजारी शेजारी ठेवून वाचा. यंत्र ९० दिवस चालू आणि टनेल ४ तासांचा, तर वीज गेलेली नाही, वाट तुटली होती. दोन्ही वयं ४ तास असतील तर आधी स्विचचा पीओई, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच मिळणारी वीज, पाहा. एकाच स्विचवरचे सगळे एकदम पडले, की एका इमारतीतले, की सगळ्या शाखांतले, एवढं पाहिलं तरी शोध निम्म्यावर येतो.

ही वयं नोंदवून ठेवायला हवीत, कारण बहुतेक मॉनिटरिंग दर ५ मिनिटांनी विचारतं. टनेल मधेच पडून २ मिनिटांत परत जोडला गेला, तर दोन्ही वेळा उत्तर येतं: चालू. दरम्यान त्या ॲक्सेस पॉइंटवरचे कॉल तुटलेले असतात. एसएनएमपी ट्रॅपवर, म्हणजे यंत्र आपणहून पाठवतं त्या सूचनेवर, विसंबू नका. तो यूडीपीवर जातो, पोचपावती मागत नाही, आणि लिंक भरलेली असते नेमका तेव्हाच हरवतो. टनेल किती वेळा पडला याचा आकडा साठवा.

स्थानिक स्विचिंग असेल, म्हणजे लोकांचा डेटा कंट्रोलरकडे न जाता शाखेतूनच पुढे जात असेल, तर टनेल पडूनही लोकांचं काम चालू राहू शकतं, त्यामुळे तिथल्या अलार्मचा अर्थ वेगळा लावायचा. आणि कंट्रोलरचं घड्याळ एनटीपीला (नेटवर्कवरून वेळ जुळवणारी सोय) जोडलेलं ठेवा. तारीख चुकली की ओळख पटवणारी प्रमाणपत्रं अवैध ठरतात आणि नव्याने जोडू पाहणारा ॲक्सेस पॉइंट बाहेरच राहतो.

टनेल पडण्याचा आकडा साठवायला लागल्यावर एका ठिकाणी दिसलं की टनेल रोज रात्री त्याच सुमाराला पडतायत. त्याच वेळी बॅकअप सुरू व्हायचा, लिंक काठोकाठ भरायची आणि हाका त्या गर्दीत हरवायच्या. कंट्रोलच्या पॅकेटना रांगेत प्राधान्य दिलं. दुसऱ्या रात्री आकडा वाढला नाही. रात्रपाळीच्या लोकांनी त्याआधी कित्येक आठवडे तक्रार केली होती आणि डॅशबोर्ड हिरवा म्हणून आम्ही ती बाजूला ठेवली होती.